‘२अब’चं काय होतं?

बीजगणित शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या फळ्यावर किंवा तपासायच्या वह्यांमध्ये वर्षातून एकदा तरी हे समीकरण उमटतंच: (अ + ब)² = अ² + ब². मग आपण चौरसाची आकृती काढतो, कोपऱ्यातले दोन आयत रंगवून दाखवतो आणि ‘हे दोघं कुठे गेले?’ असं विचारतो. मुलं ‘२अब’ लिहायला शिकतात आणि पुढच्या परीक्षेत काहीजण पुन्हा विसरतात.

या लेखात आम्ही त्या विसरणाऱ्या मुलांची थोडी बाजू घेणार आहोत. अशा कितीतरी जागा आहेत की जिथे २अब खरोखरच नाहीसा होतो. तो नाहीसा होतो म्हणून आकाशातून येणारा अतिक्षीण संकेत आपल्याला ओळखता येतो, तारेला विद्युत रोध असतो आणि शेअर बाजारातल्या एका विशिष्ट प्रकारच्या सौद्याची किंमत कागदावर काढता येते. बिनतारी संदेशवहन, पदार्थविज्ञान आणि अर्थव्यवहार अशी ही तीन लांबलांबची क्षेत्रं आहेत. तरी सैद्धांतिक संशोधन करणारी माणसं एकातून दुसऱ्यात सहज ये-जा करताना दिसतात, त्यामागचं एक कारण हे आहे. आणि या तिन्ही ठिकाणी खरी गंमत (एका ठिकाणी तर खरा धोका) सुरू होते ती २अब परत येतो तेव्हा.

छापा-काट्याची चाल

आधी वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग. प्रत्येक मुलाने वहीत एक आडवी संख्यारेषा काढावी आणि शून्यावर उभं राहावं. नाणं उडवायचं. छापा आला तर एक पाऊल उजवीकडे, काटा आला तर एक पाऊल डावीकडे. असं १६ वेळा. शेवटी प्रत्येकजण कुठे पोचला ते फळ्यावर मांडायचं.

वर्गात ४० मुलं असतील तर साधारण ८ जण शून्यावरच परतलेली दिसतील. तीसएक मुलं ४ डावीकडे ते ४ उजवीकडे या पट्ट्यात असतील. एखादंच मूल १० किंवा त्याहून लांब गेलेलं असेल. सगळ्यांच्या स्थानांची सरासरी काढली तर ती शून्याच्या आसपास येईल, पण त्यातून काहीच कळत नाही, कारण डावे-उजवे एकमेकांना खोडतात. म्हणून प्रत्येकाच्या अंतराचा वर्ग करून मग सरासरी काढायची. ती १६ च्या जवळ येईल. १६ पावलं, वर्गांची सरासरी १६, म्हणजे ‘नेहमीचं’ अंतर ४.

हे का होतं ते दोन पावलांत दिसतं. पहिलं पाऊल अ, दुसरं ब. दोन्ही +१ किंवा −१. अंतराचा वर्ग अ² + २अब + ब². यातले अ² आणि ब² नेहमीच १ असतात. आता अब पाहा. दोन्ही पावलं एका दिशेला पडली तर तो +१, विरुद्ध पडली तर −१. चार शक्यतांपैकी दोनदा अधिक, दोनदा वजा. सरासरी घेतली की २अब शून्य. उरतात फक्त वर्ग. तीन पावलांच्या आठ शक्यता मांडल्या तर वर्गांची सरासरी बरोबर ३ येते. चार पावलांच्या सोळा शक्यता मांडल्या तर ४. हे मुलांना हातानेच करू द्यावं, सूत्र सांगण्याची घाई करू नये.

म्हणजे न पावलांनंतरचं नेहमीचं अंतर √न. चौपट पावलं टाकावीत तेव्हा दुप्पट लांब जाता येतं. याला यदृच्छ चाल म्हणतात. हे नाव रूढ झालं ते कार्ल पिअरसन यांनी १९०५ साली ‘नेचर’ साप्ताहिकात विचारलेल्या एका प्रश्नामुळे: एखादा माणूस दर पावलाला वाटेल त्या दिशेला वळत चालला तर न पावलांनंतर तो कुठे सापडेल? त्या काळात डासांच्या फैलावाचा हिशेब चालू होता. मलेरियाचा डासांशी असलेला संबंध सिकंदराबादेत शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना डास किती लांब भटकतात हे हवं होतं. पिअरसनच्या प्रश्नाला लॉर्ड रॅले यांनी लगेच उत्तर पाठवलं, कारण अनेक ध्वनिकंपनं एकत्र आल्यावर काय होतं याचा विचार करताना त्यांनी हेच गणित १८८० साली सोडवून ठेवलं होतं. डास आणि ध्वनी यांचं गणित एकच निघालं, आणि पुढची मंडळी या यादीत येतच राहिली.

एक अट मात्र जपून ठेवू या, ती शेवटपर्यंत लागणार आहे. २अब शून्य होतो तो पावलं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. दुसरं पाऊल पहिल्याकडे बघून पडत असेल तर हा हिशेब मोडतो.

गोंगाटातली कुजबुज

मोबाइलला आपलं ठिकाण कळतं ते जीपीएसच्या उपग्रहांमुळे. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेली रेडिओलाट सगळीकडे पसरत जमिनीवर पोचते तेव्हा ती इतकी क्षीण झालेली असते की, आपल्या हातातल्या यंत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या नुसत्या उष्णतेमुळे होणारा विद्युत गोंगाट तिच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. शक्तीच्या हिशेबात साधारण पन्नास ते शंभर पट. लाटेच्या उंचीच्या हिशेबात सुमारे आठ पट. भर बाजारात आठपट मोठ्या आवाजाच्या कोलाहलात कोणीतरी कुजबुजावं, तसं हे आहे. यंत्राची ताकद वाढवून उपयोग नाही, कारण कुजबुजीबरोबर कोलाहलही तितकाच वाढतो.

इथे २अब कामाला येतो. प्रत्येक उपग्रहाला +१ आणि −१ अशा १,०२३ खुणांची ठरावीक माळ दिलेली असते. दर मिलिसेकंदाला उपग्रह ती माळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तीच माळ मोबाइललाही माहीत असते. आलेल्या लाटेच्या प्रत्येक खुणेला मोबाइल आपल्याजवळच्या माळेतल्या त्याच क्रमाच्या खुणेने गुणतो आणि सगळे गुणाकार मिळवतो. दोन्ही माळा नीट एकावर एक बसल्या असतील, तर (+१)(+१) = १ आणि (−१)(−१) = १, म्हणजे कुजबुजीची सगळी पावलं एकाच दिशेला पडतात. गोंगाटाला +१ ने गुणा की −१ ने, तो गोंगाटच राहतो. त्याची पावलं छापा-काट्याची.

आता आकडे घालू. गोंगाटाची उंची १ धरली तर संकेताची १/८. १,०२३ गुणाकारांनंतर संकेताची बेरीज झाली सुमारे १२८. गोंगाटाची बेरीज १,०२३ होत नाही. ती √१०२३, म्हणजे ३२ च्या घरात राहते. जो आठ पटींनी खाली दबला होता तो चार पटींनी वर आला. संकेताच्या पावलांमध्ये प्रत्येक २अब धनच असतो, गोंगाटाच्या पावलांमध्ये तो खोडला जातो, एवढ्याच फरकावर ही सगळी यंत्रणा उभी आहे.

माळ एका खुणेनेही सरकलेली असेल तर गुणाकार पुन्हा छापा-काट्यासारखे होतात आणि बेरीज कोसळते. म्हणून कोणत्या सरकवण्याला बेरीज उसळते हे पाहिलं की लाट किती उशिरा पोचली ते कळतं. एक खूण म्हणजे जवळजवळ एक मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाश सुमारे ३०० मीटर जातो. एका खुणेचे आणखी बारीक भाग मोजून ठिकाण काही मीटरपर्यंत आणतात.

मग चौपट म्हणजे पुरेसं झालं का? संशोधकांची खरी डोकेदुखी इथे सुरू होते. निव्वळ गोंगाटाची बेरीज आपल्या नेहमीच्या मापाच्या चौपट होण्याचा प्रसंग साधारण तीस हजारांत एकदा येतो. तसा दुर्मीळ म्हणायचा. पण यंत्राला माळ किती सरकवायची हे आधी माहीत नसतं; १,०२३ जागा तपासाव्या लागतात. शिवाय उपग्रह वेगाने फिरत असल्याने लाटेची वारंवारता थोडी बदललेली असते, म्हणून डझनावारी वारंवारता तपासाव्या लागतात. अशा हजारो प्रयत्नांत एखादा खोटा उपग्रह सापडायचाच. म्हणून आणखी मिलिसेकंद जमवतात. दहा मिलिसेकंदांत संकेत दहापट होतो, गोंगाट √१०, म्हणजे सव्वातीन पटीहूनही थोडा कमी वाढतो, आणि गुणोत्तर चारावरून साडेबाराच्या घरात जातं. उंबरठा खूप खाली ठेवला तर खोटे संकेत पकडले जातात, खूप वर ठेवला तर खरे सुटतात. या ओढाताणीचं गणित जे. नेमन आणि ई. एस. पिअरसन (आपल्या पिअरसनांचे चिरंजीव) यांनी १९३३ साली मांडलं. (वर्गातल्या ४० जणांत १० घरं लांब गेलेलं ते एक मूल आठवतं का? त्याच्या नाण्यात काही खास नव्हतं. आपण ४० जणांकडे पाहिलं, एवढंच.)

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास करताना तिथले शास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात: ताऱ्याच्या ठोक्याच्या मापाने नोंदीच्या घड्या घालतात, सगळ्या घड्या एकमेकींवर रचून बेरीज करतात. ठोका साठत जातो, गोंगाट मागे पडतो.

झिंगलेला इलेक्ट्रॉन

तांब्याच्या तारेतला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर या वेगाने धावत असतो. सरळ गेला तर एक सेंटिमीटर ओलांडायला त्याला सेकंदाच्या अब्जांश भागांत फक्त सहा भाग लागतील. पण नेहमीच्या तापमानाला तो सरासरीने मिलिमीटरचा पंचवीस हजारावा भाग जातो न जातो तोच अणूंच्या कंपनांना किंवा एखाद्या अशुद्ध अणूला धडकतो आणि भलतीकडे वळतो. एक सेंटिमीटर म्हणजे अशी अडीच लाख पावलं. पण चाल यदृच्छ आहे, म्हणून अडीच लाखांचा वर्ग घ्यायचा: सहा हजार कोटींहून जास्त पावलं, आणि वेळ सेकंदाचे एक-दोन हजारांश. लाखो पटींचा उशीर. तारेचा रोध या भरकटण्यातून येतो.

इथपर्यंत इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीक गोळी आहे असं मानलं. पण तो लाटेसारखाही वागतो, आणि लाटांच्या बाबतीत आधी उंचींची बेरीज करायची व मग वर्ग करायचा, असा नियम आहे. प्रकाशाच्या व्यतिकरणात आपण हेच शिकवतो. एका ठिकाणी पोचायला अ आणि ब असे दोन मार्ग असतील तर तिथे सापडण्याची संभाव्यता अ² + ब² नसते, (अ + ब)² असते. २अब परत आला!

बहुतेक वेळा हा परत आलेला २अब फारसा जाणवत नाही. वेगवेगळ्या मार्गांची लांबी वेगवेगळी, त्यामुळे कुठे शिखराला शिखर मिळतं, कुठे शिखराला दरी. असंख्य मार्गांच्या जोड्यांत अधिक-वजा होऊन शून्य उरतं. पण जोड्यांचा एक प्रकार असा आहे की तिथे हा योगायोग राहत नाही. इलेक्ट्रॉन भटकत भटकत मूळ जागी परत आला असं समजा. ज्या धडकांमधून तो आला त्याच धडकांमधून उलट्या क्रमानेही येता आलं असतं. गावाला प्रदक्षिणा उजवीकडून घाला की डावीकडून, अंतर तेवढंच. म्हणून या दोन लाटा नेमक्या जुळतात, ब = अ. गोळीच्या हिशेबाने परत येण्याची संभाव्यता अ² + अ² = २अ². लाटेच्या हिशेबाने (अ + अ)² = ४अ². बरोबर दुप्पट. इलेक्ट्रॉनला घरी परतण्याची ओढ जास्त, म्हणून पुढे सरकणं कमी, म्हणून रोध थोडा जास्त.

हे नुसतं कागदावरचं नाही. धातूचा पातळ थर अतिशय थंड केला (उबेत अणूंची कंपनं हा जुळलेला ताल मोडतात) आणि त्यावर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावलं, तर उजवी प्रदक्षिणा आणि डावी प्रदक्षिणा यांत फरक पडतो. २अब पुन्हा खोडला जातो आणि थराचा रोध चक्क कमी होतो. चुंबकीय क्षेत्राने सहसा रोध वाढतो, त्यामुळे हे उलटं वागणं ही या परिणामाची ओळखखूणच ठरली आहे.

या सगळ्याचं मूळ १९५८ सालच्या एका शोधनिबंधात आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहर हे फॉस्फरसची भेसळ केलेल्या सिलिकॉनवर प्रयोग करत होते. तिथले इलेक्ट्रॉन अपेक्षेप्रमाणे पसरत नव्हते, आपापल्या जागी रेंगाळत होते. फिलिप अँडरसन यांनी दाखवलं की पदार्थातली अव्यवस्था पुरेशी असेल तर व्यतिकरणामुळे लाट पसरायचीच थांबते. √न वगैरे काही नाही, इलेक्ट्रॉन एका भागात कायमचा अडकतो आणि पदार्थ विसंवाहक होतो. त्या काळी या निबंधाकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं. १९७७ साली अँडरसन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचार्डेलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी मिती आणि अडकणं यांचा संबंध मांडला: इलेक्ट्रॉन एका रेषेत किंवा सपाट थरात फिरत असेल तर थोडीशी अव्यवस्थाही शेवटी त्याला अडकवते, तिन्ही मितींत मात्र सुटका शक्य असते. याचा धागाही चालीतच सापडतो. पोल्या यांनी १९२१ मध्ये सिद्ध केलं होतं की रेषेवरचा किंवा सपाट जाळीवरचा भटक्या कधी ना कधी घरी परततोच. तीन मितींच्या जाळीवर मात्र परतण्याची संभाव्यता फक्त ३४ टक्क्यांच्या आसपास असते. परतणं हेच २अबचं घर, त्यामुळे जिथे परतणं जास्त तिथे त्याचा अंमलही जास्त. (हा पूर्ण पुरावा नाही, पण दिशा हीच.) २००८ साली पॅरिसजवळच्या एका प्रयोगशाळेत लेसरच्या विस्कळीत प्रकाशात अतिशीत रुबिडियम अणू सोडले, तेव्हा अणूंची लाट पसरताना थांबलेली प्रत्यक्ष पाहता आली.

आता एक उलटा प्रकार. काही पदार्थांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’ हा गुणधर्म त्याच्या धावण्याच्या दिशेला बांधलेला असतो. बिस्मथ सेलेनाइड हा असा एक पदार्थ. त्याची ही ओळख २००९ मध्ये पटली. अशा इलेक्ट्रॉनला सरळ माघारी फिरायचं असेल तर एका क्रमाने वळताना स्पिन अर्धी फेरी एकीकडे घेतो, उलट्या क्रमाने वळताना अर्धी फेरी दुसरीकडे. दोन्हींत पूर्ण एका फेरीचा फरक पडतो. आपण पूर्ण फेरी मारली तर होतो तसेच राहतो. इलेक्ट्रॉनच्या लाटेचं मात्र चिन्ह बदलतं! म्हणजे ब = −अ, आणि (अ − अ)² = ०. सरळ माघारी फिरणं बंद. २अब तोच, फक्त वजा झाला. ज्यांना हल्ली क्वांटम पदार्थ म्हणतात त्यांच्या अभ्यासाचा बराच भाग अशा अधिक-वजा चिन्हांचा शोध घेण्यात जातो.

तेजी-मंदीचा सौदा

लुई बाशलिए या फ्रेंच गणितज्ञाने १९०० साली पॅरिसमध्ये आपला प्रबंध सादर केला. विषय होता सट्ट्याचा सिद्धांत, आणि परीक्षकांमध्ये साक्षात आंरी प्वँकारे. भाव दर क्षणाला छापा-काट्यासारखा वरखाली होतो असं धरून त्याने सौद्यांच्या किमती काढल्या. आइनस्टाइनचा परागकणांच्या हालचालीवरचा प्रसिद्ध निबंध यानंतर पाच वर्षांनी आला. गणित तेच होतं. इथे गणित जाणणाऱ्यांसाठी एक ओळ: पावलं लहान-लहान करत नेली की चालीचं वर्णन करणारं समीकरण म्हणजे फूरिये यांचं उष्णतावहनाचं समीकरण होतं, आणि त्यात काळाला −१ च्या वर्गमूळाने गुणलं की इलेक्ट्रॉनच्या लाटेचं श्रोडिंगर समीकरण मिळतं. पदार्थविज्ञानातली माणसं पुढे बँकांमध्ये नोकरीला लागली त्यात नवल नाही, त्यांना समीकरण ओळखीचं होतं.

सौदा असा: आज शेअरचा भाव १०० रुपये आहे. ठरावीक दिवसानंतर तो शेअर १०० रुपयांनाच घेण्याचा हक्क मी आज विकत घेतो, सक्ती नाही. भाव १०४ झाला तर ४ रुपये सुटले, ९६ झाला तर हक्क सोडून दिला. यालाच आता ऑप्शन म्हणतात. मुंबईच्या बाजारात अशा सौद्यांना जुनं नाव होतं: घेण्याच्या हक्काला तेजी, विकण्याच्या हक्काला मंदी. १९५६ च्या कायद्याने रोख्यांमधले असे सौदे बंद केले होते. १९९५ मध्ये बंदी उठली आणि २००१ पासून ते शेअर बाजारात रीतसर सुरू झाले.

या हक्काची आजची किंमत किती? भाव रोज एक रुपया वर किंवा एक रुपया खाली जातो असं धरू, व्याज सोडून देऊ. दोन दिवसांचा हक्क मी ५० पैशांना विकला. लगेच ४९ रुपये ५० पैसे उसने घेतले आणि दोन्ही मिळून ५० रुपयांत अर्धा शेअर घेतला. (अर्धा शेअर मिळत नाही हे खरं, पण शंभर सौदे असले की पन्नास शेअर मिळतात.) उद्या भाव ९९ झाला तर परवा तो फार तर १००; हक्काला काहीच मोल उरलं नाही. मी अर्धा शेअर साडेएकोणपन्नासला विकून कर्ज फेडतो. हिशेब शून्य. उद्या भाव १०१ झाला तर आणखी साडेपन्नास रुपये उसने घेऊन उरलेला अर्धा शेअर घेतो. कर्ज पूर्ण १०० रुपये, हातात एक पूर्ण शेअर. परवा भाव १०२ असो की १००, शेअर १०० रुपयांना जातोच, कर्ज फिटतं. पुन्हा शून्य.

या हिशेबात भाव वर जाण्याची शक्यता किती हे आपण कुठेच विचारलं नाही, हे नीट पाहावं. कोणी म्हणाला ‘मला खात्री आहे, भाव चढणार’, तरी हक्काची किंमत ५० पैसेच! ही कल्पना फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्ये पूर्ण गणितात बसवली. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (ब्लॅक १९९५ मध्ये वारले होते). आपण वापरलेली सोपी पायऱ्यांची रीत कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांची, १९७९ ची.

हीच रीत ४ दिवसांसाठी केली तर किंमत ७५ पैसे येते, १६ दिवसांसाठी सुमारे १ रुपया ५७ पैसे, ६४ दिवसांसाठी सुमारे ३ रुपये १८ पैसे. मुदत चौपट, किंमत जवळजवळ दुप्पट. √न पुन्हा हजर. ४ दिवसांचा आकडा नववीची मुलं सोळा शक्यता मांडून काढू शकतात.

आता विक्रेत्याने काय केलं ते पुन्हा वाचा. भाव चढला तेव्हा त्याने आणखी घेतलं, उतरला तेव्हा हातातलं विकलं. एकट्या माणसाने असं केल्याने भावाला काही होत नाही. पण १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठमोठ्या निधींनी याच कृतीला विमा समजून ती स्वीकारली: बाजार पडू लागला की संगणकाच्या सल्ल्याने विकायचं, म्हणजे नुकसान मर्यादित राहील. १९ ऑक्टोबर १९८७ ला भाव उतरू लागले. विमेवाल्यांनी विकलं. त्यामुळे भाव आणखी उतरले. म्हणून विमेवाल्यांना आणखी विकावं लागलं. एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्के कोसळला. रोजची नेहमीची हालचाल टक्काभर मानणाऱ्या यदृच्छ चालीत असा दिवस विश्वाच्या वयाच्या कितीही पट थांबलं तरी दिसायला नको होता. कोसळण्याची कारणं आणखीही होती, पण हे एक मोठं कारण होतं यावर बहुतेकांचं एकमत आहे. प्रत्येक पाऊल मागच्या पावलाकडे बघून त्याच दिशेला पडत होतं. २अब सगळे धन. उपग्रहाच्या माळेत जी गोष्ट आपण मुद्दाम घडवून आणतो तीच इथे कोणी न ठरवता घडली, आणि ती घडवणारं सूत्र पावलं स्वतंत्र आहेत या गृहीतावर उभं होतं. १९९८ मध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा निधी बुडता बुडता इतर बँकांना सावरावा लागला. त्याच्या भागीदारांत शोल्स आणि मर्टन दोघेही होते.

हे आम्ही इतकं लांबवलं त्याला कारण आहे. शाळा सोडून गेलेली आपली मुलं आज मोबाइलवर हे सौदे करतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. ‘तीन दिवस पडला, आता चढणारच’ हे वाक्य त्यांतल्या किती जणांनी मनाशी म्हटलं असेल! छापा-काट्याच्या खेळात ‘चार वेळा काटा आला, आता छापाच’ म्हणणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला फळ्यापाशी बोलवावं आणि चार काट्यांनंतरच्या पाचव्या नाण्यांचीच वेगळी नोंद ठेवायला सांगावं.

आणखी एक उपक्रम मोठ्या मुलांसाठी. वर्तमानपत्रात रोज सेन्सेक्सचा बंद आकडा येतो. वर्षभराचे आकडे जमवा. रोजचा बदल टक्क्यांत काढा, त्याचा वर्ग करा, सरासरी घ्या. मग चार-चार दिवसांचा बदल घेऊन तसंच करा. दुसरी सरासरी पहिलीच्या चौपट आली तर २अब खोडला गेला. चौपटीहून बरीच जास्त आली तर पावलं एकमेकांमागे जात होती; कमी आली तर एकमेकांना उलट ओढत होती. वर्षातले पाच सर्वांत मोठ्या चढ-उताराचे दिवस वगळून पुन्हा हिशेब करा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी लिहून ठेवा.